मागचं उजवं चाक

शांतवन, तुझ्या अंत्यविधीच्या सकाळी मी तुझ्याजवळ बसलो नव्हतो. घरात गीतं चालली होती, पाळकसाहेब आले होते, पुण्याहून तुझी लेक येऊन तुझ्या उशाशी बसली होती, आणि तुझा लहानपणापासूनचा दोस्त बाहेर चिंचेखाली गाडीच्या मागच्या उजव्या चाकात डोकं घालून आडवा पडला होता. लोकांनी पाहिलं. दोघा-तिघांनी बोलूनही दाखवलं की दिनकरचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. आठवडा झाला, अजून पुरतं जागेवर आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुझी ही पहिलीच वेळ, आणि मला ते पुरं केल्याशिवाय चैन पडणार नाही.

आपल्या ख्रिस्ती मंडळीची ही मयताची गाडी आपण दोघांनीच जाऊन आणली होती. आधी ती शनिशिंगणापूरला भाविक वाहायची. तू तिच्या मागच्या सीटा काढल्यास, दोन्ही अंगांना बाकडी ठोकलीस, मधे पेटीला जागा केलीस, आणि पाळकसाहेबांसमोर म्हणालास, "हिला मानसं न्यायची न् परत आनायची सवय हाय. आता एकेरी धंद्याला लावलीय, जरा सांभाळून घ्या." पाळकसाहेब हसू दाबत खोकत राहिले. तेव्हापासून वाटणी ठरली. चालवायची मी, कारण जन्मभर एसटी चालवली. दुरुस्त करायची तू, कारण साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तुझे हात काळे झाले होते. भांडायचं मात्र दोघांनी.

आणि भांडलो तरी किती. मयताच्या गाडीला हॉर्न कशाला, म्हणून तू हॉर्नची वायरच काढून टाकलीस. एसटीच्या ड्रायव्हरला हॉर्नशिवाय गाडी चालवायला लावणं म्हणजे काय, ते तुला कधी कळलं नाही. एकदा कोल्हारच्या बाजारात आपण पेटी घेऊन अडकलो, पुढे उसाची ट्रॉली, मागे टेम्पो, आणि मी बोंब मारतोय की घाल आता तुझं डोकं हॉर्नच्या जागी. तू शांतपणे खाली उतरलास आणि हात जोडत गाडीच्या पुढे चालायला लागलास. लोकांनी वाट दिली. बाजारातून बाहेर पडल्यावर तू परत चढलास आणि मला म्हणालास, "वाजला का न्हाई?" इतका राग आला होता मला, आणि इतकं हसूही.

सुमन गेली त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तिची गाडी मीच चालवली. दुसरं कोणी चालवणारं नव्हतं, आणि असतं तरी मी दुसऱ्याच्या हातात दिली नसती. बायको मागे, मी पुढे, आणि आरशात बघायची हिंमत नाही. तू मागे तिच्यापाशी बसलास, सगळा रस्ता पेटीवर हात ठेवून. उतरल्यावर एवढंच म्हणालास, "वहिनींना धक्का लागू दिला न्हाई." मी मान हलवली. आभार मानायची आपल्यात पद्धत नव्हती. आज मानतो, तू ऐकून घे.

पण त्याच्या आधीचं, पेटी गाडीत चढवतानाचं, आपण दोघांनीही पाहिलं होतं. गावातली पोरं पुण्याला, चाकणला कामाला. उचलायला उरलेले सगळे साठीच्या पुढचे, आणि गाडीची मागची फळी त्यांच्या छातीशी येणारी. वर उचलताना कोणाचा तरी गुडघा लचकला आणि पेटी डोक्याच्या बाजूने कलली. तू खांदा लावलास म्हणून पडली नाही. मी शेजारी नुसता उभा होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तुझ्याकडे आलो तर गाडी जॅकवर आणि तू खाली. मागच्या चाकांवर स्प्रिंगचे पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून तू भिंतीला टेकवून ठेवला होतास. जॅक उतरवला तशी गाडी मागून चार बोटं खाली बसली. मी पेटलोच.

"हे काय केलंस? कंपनीनं पाटे काय शोभेला दिल्यात का?"

"आता पेटी छातीपतोर उचलायला नको. पोटाशी धरली की बास."

"चार बोटांनी काय हुतंय?"

"साठीच्या मानसाच्या कंबरंला इचार."

"पोरं गाड्या खाली करत्यात, मिरवायला. ही मयताची गाडी. हिला कशाला असली हौस?"

तू हात पुसत पुसत, माझ्याकडे न बघता म्हणालास, "सुमनवहिनींची पेटी कलली ती मी अजून विसरलो न्हाई." भांडणात तो पत्ता काढणं बरोबर नव्हतं, शांतवन. हे तुला तेव्हाच सांगायचं होतं.

मग तू चाचणी घेतलीस. पेटीच्या वजनाइतकी गव्हाची पोती मधोमध ठेवलीस, वर दोन जास्तीची टाकलीस आणि म्हणालास, चालव. मी कालव्याच्या पुलापर्यंत नेली, खड्ड्यांतून नेली, मुद्दाम वळणावर दाबली. चाक कुठे घासलं नाही. तू खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत होतास आणि मी तोंड वाकडं करून बसलो होतो, कारण तू जिंकला होतास.

दोघांच्याही ध्यानात आलं नाही ते हे, की पोती मधोमध गप पडून राहतात. माणसं तशी बसत नाहीत. आपल्याकडे मयताला एकटं पाठवत नाहीत. जितके मावतील तितके गाडीत चढतात, बाकड्यांवर दाटीवाटीने बसतात, म्हणजे बरोबर चाकांच्या वर. न मावणारे फळीवर लोंबकळतात. गाडी वळली की सगळे एका अंगाला कलतात. आपलं आयुष्य त्या दाटीत बसून गेलं, आणि चाचणीला आपण पोती घेतली.

येशुदासकाकांची पेटी नेताना ते उघडं पडलं. कालव्याच्या पुलाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो. मी गाडी वळवली, मागचं सगळं ओझं उजव्या अंगाला गेलं आणि खर्रर्र आवाज आला. गीत मधेच थांबलं. पुढच्या खड्ड्यात परत आवाज, आणि मग जळक्या रबराचा वास. उतरून पाहिलं तर मडगार्डची आतली पत्र्याची कड टायरच्या बगलेत रुतली होती, टायर कापला गेला होता. काकांची पेटी उन्हात खाली उतरवली आणि तिथून पुढे खांद्यावर नेली, ज्यांना त्रास नको म्हणून तू पाटे काढलेस त्याच म्हाताऱ्या खांद्यांवर. काकांचा मुलगा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तू सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन चालत होतास. तुझी ती पाठ मला फार वाईट दिसली.

खरं भांडण तिथून सुरू झालं. माझं म्हणणं, पाटे परत टाक आणि विषय संपव. तुझं म्हणणं, गाडी खालीच राहणार. मडगार्डची कड आत दुमडायची आणि मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या ॲक्सलच्या वर जाड रबराचा ठोकळा बसवायचा, म्हणजे चाक ठरावीक उंचीच्या वर येणारच नाही, मग घासेल कशाला. तुझं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तो आवाज आला तेव्हा स्टिअरिंगवर मी होतो. सगळ्यांनी वळून पाहिलं ते माझ्याकडे.

आणि तू काम काढलंस ते डाव्या बाजूचं. मी बघायला आलो तर डावी कड सुबक दुमडलेली, ठोकळा बोल्टने आवळलेला, आणि उजवी जशीच्या तशी.

"घासलं उजवं आन् तू डावं करीत बसलास?"

"उजव्याला डिझेलचा पाइप आडवा येतोय. तो सोडवावा लागंल. डाव्यावर हात बसला, आता उजवं निवांत करू."

"निवांत? उद्या कोनी गेलं तर न्यायचं कशातनं?"

"उद्या कोन जात न्हाई. सगळ्यांना इचारून आलोय."

मी हसलो नाही. तुझ्या घरातून वहिनींनी चहा आणला. मी वहिनींशी ऊसतोडीपासून पाळकसाहेबांच्या बदलीपर्यंत सगळं बोललो, तुझ्याशी एक अक्षर नाही. तू बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवलास. मी बिस्किट घेतलं, तरी बोललो नाही. तू गालात हसत होतास.

त्याच आठवड्यात सकाळी वहिनींचा फोन आला. डॉक्टर काय म्हणाले, कसं झालं, ते आता सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, मी सांगत बसत नाही.

मंडळीतले एक-दोघे म्हणाले, श्रीरामपूरहून दुसरी गाडी मागवू, ह्या गाडीचा भरवसा नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "ते त्यांच्या गाडीतनंच जातील. भावजी हायेत की चालवायला." उजव्या बाजूचं काम राहिलंय हे वहिनींना माहीत होतं. तुझ्या तोंडून रोज ऐकत होत्या. तरी म्हणाल्या, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पाटे परत टाकणं सगळ्यांत सोपं होतं. ते तुझ्या भिंतीलाच टेकलेले होते. जॅक लावून नट सोडले असते, पाटे आत सरकवले असते, गाडी चार बोटं वर गेली असती, घासायची भीती संपली असती. मी त्यांना हात लावून आलोसुद्धा. पण तुझं वजन सुमनच्या दुप्पट, आणि उचलणारे तेच. शिवाय तुझ्या मयताच्या दिवशी मी ते भांडण जिंकायचं, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी शर्ट काढला आणि खाली शिरलो.

पाइप सोडवला, त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. डिझेल जवळ, म्हणजे आगीचं काम नाही. पत्रा दुमडताना रंग तडकू नये म्हणून तू डाव्या बाजूला उकळत्या पाण्यात बुडवलेला टॉवेल धरला होतास. तेच करू म्हणून बादली घेऊन स्वयंपाकघरात गेलो. शेगडीवर मोठं पातेलं चढलेलं होतं. तुला अंघोळ घालायला पाणी तापत होतं. मी दारातच थांबलो. वहिनींनी बादलीकडे पाहिलं आणि पातेल्यातलं अर्धं पाणी मला ओतून दिलं. "बाकीचं त्यांना पुरंल," म्हणाल्या. बादली घेऊन अंगणात येईपर्यंत निम्मं वाटेतच सांडलं.

खोऱ्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, तो टायर आणि कडेच्या मधे घातला, आणि तुला उचलायला आलेल्या म्हाताऱ्यांना म्हणालो, गाडी ढकला, पण बोट-बोट. पांढरे कपडे घालून आलेली माणसं गाडीला हात लावून उभी राहिली. चाक फिरलं की दांडा कडेवर लाटण्यासारखा फिरायचा आणि पत्रा आत वळायचा. पुढे, मागे, परत पुढे. निम्मं काम तुझ्यासारखंच सुबक झालं आणि मग कट्ट आवाज आला. गंजलेला पत्रा बोटभर फाटला होता, आणि फाटलेलं टोक बरोबर टायरकडे वळलं होतं. आधी होती त्यापेक्षा वाईट गत झाली. म्हातारे एकमेकांकडे बघत होते. मी मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या, अगदी ठेवणीतल्या. मग कानस घेऊन ते टोक घासत बसलो. पाळकसाहेब बाहेर आले, घड्याळ बघून आत गेले. परत आले.

"दिनकरभाऊ, किती वेळ?"

"झालंच."

तू असंच सांगायचास आणि त्यानंतर सावकाश तासभर घालवायचास. तुझ्यापाशी तो धीर कुठून आला होता कोण जाणे. माझ्या तोंडात नुसता शब्द होता, धीर नव्हता.

उजव्या बाजूचा ठोकळा तू कापून ठेवला होतास, भोकं पाडायची तेवढी राहिली होती. घरात प्रार्थना सुरू झालेली. अशात ड्रिल मशीन लावायचं माझ्या जिवावर आलं. मी तो तारेने आवळून बांधला. तू पाहिला असतास तर काढून उकिरड्यावर फेकला असतास. (परवा भोकं पाडून बोल्ट घातले, काळजी करू नकोस. पाटे मात्र भिंतीलाच आहेत आणि तिथेच राहतील.) चाचणी घ्यायला वेळ उरला नव्हता. डिझेलचा पाइप परत जोडला, हातपाय धुतले आणि शर्ट घातला, तोवर तुझी पेटी दारातून बाहेर आली.

तुला उचललं ते एका दमात. पोटाशी धरून फळीवर टेकवलं आणि सरळ आत सरकवलं. कोणाचा गुडघा लचकला नाही, पेटी कुठे कलली नाही. पायाकडच्या बाजूला येशुदासकाकांचा मुलगा होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सोपं गेलं." शांतवन, हे ऐकायला तू हवा होतास.

मग नेहमीसारखे सगळे चढायला पुढे आले. तुझ्या धाकट्या भावाने फळीवर पाय ठेवला आणि मी दार धरलं.

"कोनी बसायचं न्हाई."

"म्हंजी? दादाला एकटं पाठवायचं?"

"काम तारंवर बांधलंय. वजन पडलं तर पुलापाशी परत तेच हुईल. दादाची पेटी उन्हात उतरवायचीय का?"

"हुईल ते हुईल. आमी आमचं मानूस एकटं सोडत न्हाई."

मी खिशातून चावी काढून त्याच्यापुढे धरली. "मंग तू चालव. मागं किती भरायची ती भर."

त्याने चावी घेतली नाही, पायही काढला नाही. मागे माणसं उभी, गीत थांबलेलं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. सुमन एकटी गेली नव्हती, तिच्यापाशी तू होतास. तुझ्यापाशी बसायला पहिला मी हवा होतो, आणि मला तर पुढे स्टिअरिंगवर बसायचं होतं. वर मीच दार अडवून उभा. मला रडू येत होतं आणि मी ओरडत होतो.

तेवढ्यात मागून वहिनी आल्या. आपल्याकडे बायका मागून रिक्षाने येतात. ह्या गाडीत कधी कोणी बाई चढलीच नव्हती, एवढ्या उंचावर लुगडं सावरत कोण चढणार. वहिनींचे गुडघे तर तुला माहीत आहेत.

"भावजी, एका मानसाचं वजन चालंल का?"

मी दारावरचा हात काढला. तुझ्या भावाने पाय खाली घेतला. वहिनींनी दाराची कडी धरली, फळीवर पाय टाकला आणि कोणाचा हात न घेता स्वतःच्या पायाने वर चढल्या. बसल्या त्या नेमक्या उजव्या बाकड्यावर, त्याच चाकाच्या वर. डावीकडे बसा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि पेटीवर हात ठेवला. मग मी दार लावलं.

पहिल्या गिअरमध्येच गाडी काढली. मागे लोक चालत, गात येत होते. केबिनच्या मागची खिडकी उघडी होती आणि माझा सगळा जीव कानात आला होता. शाळेपाशी गतिरोधक आहे, तिथे श्वास धरला. मागून काही आवाज नाही. पुढे रस्ता उखडलेला, तिथे चाक खड्ड्यात गेलं आणि तार करकरली. फाटलेल्या पत्र्याचं टोक पुरतं घासलं गेलंय का, हे मला आठवेना. मघाशी हाताने चाचपून पाहिलं होतं, तरी आठवेना. सगळं आयुष्य घाटातून गाड्या नेल्या, पण स्टिअरिंग असं कधी घामाने निसटलं नव्हतं. घासलं तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. तुझ्या भावाकडे बघायचं कसं, वहिनींना उतरवायचं कसं, आणि तुला काय सांगायचं.

कालव्याचा पूल आला. मी पाय सैल केला आणि स्टिअरिंग डावीकडे घ्यायला लागलो, अगदी हळू. गाडी उजव्या अंगाला कलली. मागचं बाकडं वाजलं. मी दात आवळून वाट बघत राहिलो. लोकांच्या चपला रस्त्यावर घासल्याचा आवाज येत होता, कालव्याच्या पाण्याचा येत होता. चाकाचा येत नव्हता. रस्ता सरळ झाला, गाडी सरळ झाली, आणि मागून वहिनींचा आवाज आला. मला काही सांगतायत असं वाटून मी मान वळवली. त्या पेटीवर वाकल्या होत्या, पार तोंड टेकेल इतक्या जवळ, आणि तुला हळूच सांगत होत्या, "अहो, वळान गेलं बरं का. न्हाई घासलं."